स्लो कुकरमध्ये लुसलुशीत झालेले हरणाचे स्टेक

व्हेनिसन (हरणाचं मांस) स्टेक म्हणून जे पाकीट हातात पडतं त्यावर नुसतं "स्टेक" एवढंच लिहिलेलं असेल तर आधी विचारून घ्या की कुठल्या भागाचं आहे, बाकी मसाला, वाईन, किती तास वगैरे सगळं नंतर. स्लो कुकर, म्हणजे विजेवर तासन्‌तास सावकाश शिजवणारं भांडं, त्यात हरणाचं मांस मऊ होणार की त्याचा चोथा होणार हे तिथेच ठरतं. बऱ्याच रेसिप्या सांगतात की कसलाही तुकडा टाका, आठ तासांनी बघा, तोंडात विरघळतो, पण तसं होत नाही हो, निदान हरणाच्या बाबतीत तरी नाही.

माझ्याकडे मांस आलं ते ओळखीतल्या एका काकांकडून. परवाना काढून, सीझनमध्ये, कायद्यात बसेल तशीच शिकार करणारे आहेत ते, आणि प्राण्याची टेस्ट करून निकाल आल्यावरच मांस वाटतात. हे टेस्टचं मुद्दाम लिहितेय कारण हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा एक रोग असतो, प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, आणि प्रायॉन शिजवून नष्ट होत नाहीत, किती का तास ठेवा कुकरमध्ये. माणसाला त्यापासून काही झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण ज्या भागात तो रोग सापडलाय तिथलं मांस निकाल येईपर्यंत फ्रीझरमध्येच राहू द्यावं असं माझं ठाम मत आहे. फार्मवर वाढवलेल्या हरणाचं मांस विकत मिळत असेल तर ते त्यातल्या त्यात सोपं, चवीला पण कमी उग्र असतं.

तर काकांनी दोन पाकिटं दिली, एकात खांद्याचे स्टेक आणि एकात मागच्या मांडीचे, सगळे साधारण एक इंच जाड. पाठीच्या कण्याला लागून जी लांब पट्टी असते, बॅकस्ट्रॅप म्हणतात ती, ती त्यांनी स्वतःकडे ठेवली होती आणि बरोबरच आहे, ती स्लो कुकरमध्ये घालायची वस्तूच नाही. तो स्नायू आधीच मऊ असतो, कडकडीत तव्यावर दोन्हीकडून पटकन शेकायचा, आत गुलाबी ठेवायचा आणि खायचा. तो आठ तास शिजवणं म्हणजे चांगल्या मांसाचं नुकसान. टेंडरलॉइन, म्हणजे कण्याच्या आतल्या बाजूची पट्टी, पण तशीच. स्लो कुकरसाठी पाहिजे खांदा, मान, पायाचा खालचा भाग, म्हणजे प्राणी आयुष्यभर ज्याच्यावर चालला, पळाला, मान वर-खाली करून चरला ते सगळं. मागची मांडी मधेच कुठेतरी बसते, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

आता हे असं का, ते समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय आपले आपण घेता येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. हरणाच्या मांसात चरबी खूप कमी, कच्च्या मांसात २ ते ३ टक्क्यांच्या आसपास, आणि जी असते ती स्नायूच्या आत पसरलेली नसते, बाहेरून चिकटलेली असते. त्यामुळे चरबी वितळून मांस आतून ओलं राहील ही आशा इथे ठेवायचीच नाही. मांसाचे धागे ६५-७० डिग्री सेल्सियसच्या पुढे गेले की आवळतात आणि अंगचं पाणी बाहेर टाकतात, आणि ते पाणी काही परत येत नाही. पण काम करणाऱ्या स्नायूंमध्ये धाग्यांच्या मधे मधे कोलॅजन असतं, तेच मांसाला वातड करतं, आणि तेच ८० डिग्रीच्या वर काही तास राहिलं की हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं. ते जिलेटिन धाग्यांना वंगणासारखं लागून राहतं म्हणून घास ओला वाटतो, जरी मांसातलं मूळ पाणी कधीच निघून गेलेलं असलं तरी. म्हणजे कोलॅजन भरपूर असेल तर जास्त वेळ शिजवून फायदा, आणि कोलॅजन कमी असेल तर जास्त वेळ म्हणजे नुसतं वाळवणं, मग तो तुकडा रश्शात बुडलेला का असेना. पाण्यात बुडवून शिजवलेलं मांस पण कोरडं होऊ शकतं हे खूप जणांना पटत नाही, मला पण पटायला वेळ लागला.

दुसरी गोष्ट कुकरची. त्याच्या बटणावर "लो" आणि "हाय" असतं, त्यातलं "लो" म्हणजे कमी तापमान असं वाटतं ना, तर तसं नसतं. बहुतेक स्लो कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, उकळीच्या जरासं अलीकडे, फरक एवढाच की हाय लवकर पोचतो आणि लो हळू. मी वायरवाला थर्मामीटर एका जाड तुकड्यात खुपसून वायर झाकणाखालून बाहेर काढून ठेवली होती, लो वरच, आणि मधूनमधून आकडा बघत होते. पहिले दोनेक तास तो सावकाश चढला, साठीच्या पुढे गेला, नंतर सत्तर, ऐंशी, आणि दुपारनंतर ९४ वर जाऊन जो बसला तो तिथेच. त्यामुळे स्लो कुकरमधून मीडियम रेअर स्टेक काढायची कल्पना सोडून द्यायची, ते या भांड्याचं कामच नाही. इथून निघतो तो पूर्ण शिजलेला, काट्याने तुटणारा, दाट रश्शातला स्टेक, आणि तो नीट जमला तर मला तव्यावरच्यापेक्षा जास्त आवडतो.

जाता जाता, हे भांडं मुळात बनलंच या कामासाठी. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसाने त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळवलं, त्याच्या आईकडून त्याने ऐकलेलं होतं की लिथुआनियात ज्यू कुटुंबं शब्बाथच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या संध्याकाळी शोलेंटचं (मांस आणि बीन्सच्या रश्शाचं) भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवून यायची आणि भट्टी थंड होत जाताना त्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. पुढे रायव्हल कंपनीने तेच घेऊन १९७१ मध्ये क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं. स्वस्त, वातड मांस आणि पुष्कळ वेळ, हेच पहिल्यापासून त्याचं गणित आहे.

तयारी दोन दिवस आधीपासून. गोठलेलं मांस सरळ कुकरमध्ये टाकायचं नाही, अजिबात नाही, कारण कुकर इतका हळू तापतो की मांस ४ ते ६० डिग्रीच्या मधे फार वेळ रेंगाळतं आणि तोच पट्टा जंतूंना मानवतो. पाकिटं एका खोलगट ताटात ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण एक दिवस ठेवली, आणि सुटल्यावर जे लाल पाणी निघालं ते टाकून दिलं.

मग साफसफाई, आणि ह्या एका कामाला मी मनापासून वेळ देते. हरणाची पांढरी चरबी काढून टाकायची, सगळी, थोडीसुद्धा ठेवायची नाही. कोकराची किंवा डुकराची चरबी चव देते, हरणाची मेणासारखी लागते, जरा गार झाली की टाळूला चिकटून बसते, आणि तो जो उग्र वास लोक हरणाच्या मांसाच्या नावावर खपवतात त्यातला पुष्कळसा चरबीचाच असतो. दुसरा तो चंदेरी पापुद्रा. उजेडात धरला की चकाकतो, निळसर झाक असते, बोटाने ओढला तर सुटत नाही. तो कोलॅजनसारखा विरघळत नाही, त्यात इलास्टिन असतं आणि ते किती का तास शिजवा तसंच राहतं, वर शिजताना आकसून स्टेकची वाटी करतं. धारदार पातळ सुरी पापुद्र्याच्या खाली एका टोकाला घुसवायची, थोडासा भाग सोडवून डाव्या हाताच्या चिमटीत पकडायचा (कागदी नॅपकिनने धरला तर निसटत नाही), मग सुरीची धार किंचित वर, पापुद्र्याच्या दिशेने तिरकी ठेवून सरसर पुढे न्यायची, म्हणजे पापुद्रा रिबिनीसारखा निघतो आणि मांस जवळजवळ वाया जात नाही. खांद्याच्या तुकड्यांमध्ये स्नायूंच्या मधे पण पांढऱ्या रेघा दिसतात, त्या सगळ्या काढत बसू नका, तेच तर आपल्याला पाहिजे असलेलं कोलॅजन. बाहेरचं जाड, चकाकणारं काढायचं, आतलं राहू द्यायचं.

साफ केल्यावर सव्वा किलोच्या आसपास मांस राहिलं. त्याला किलोला साधारण १० ग्रॅम या हिशोबाने मीठ आणि भरड मिरी चोळून, झाकण न ठेवता रात्रभर फ्रिजमध्ये. मीठ आत मुरतं आणि वरचा भाग सुकतो, दोन्ही उपयोगाचं. व्हिनेगर किंवा वाईनमध्ये रात्रभर बुडवून ठेवायला पुष्कळ जण सांगतात, मला ते पटत नाही, आंबट पाणी आत फारसं शिरतच नाही, वरचा थर मात्र पिठूळ होऊन जातो, आणि आठ तास शिजणाऱ्या मांसाला तर त्याची काहीच गरज नाही.

सकाळी बिडाचा तवा. हा टप्पा गाळू नका, प्लीज. "स्लो कुकरची मजाच ही की सगळं एकदम टाकायचं" हे ऐकायला बरं वाटतं पण कुकर कधीच १०० च्या वर जात नाही आणि मांसाचा तो खरपूस, तपकिरी रंग आणि वास १४० डिग्रीच्या पुढेच सुरू होतो, म्हणजे तव्यावर नाही केलं तर तो नंतर कुठूनही येणार नाही. आणि हो, भाजल्याने रस आत बंद होतो वगैरे काही नसतं, फक्त चवीसाठीच करायचं. तुकडे कागदाने टिपून अगदी कोरडे केले, तवा धूर यायच्या बेताला आला तेव्हा थोडं तेल, आणि एका वेळी तीनच तुकडे, मधे जागा सोडून. जास्त टाकले की तवा गार होतो, पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं, आवाजावरूनच कळतं, चर्रर्र चाललेलं असतं ते एकदम बुडबुड होतं. टाकल्यावर हलवायचं नाही. आधी तुकडा तव्याला घट्ट चिकटतो, कालथा लावला तर सुटत नाही, आणि मग दोनेक मिनिटांनी आपणहून सुटतो, तेव्हा उलटायचा. हरणाचं मांस मुळात गडद लाल असतं त्यामुळे भाजल्यावर जवळजवळ चॉकलेटी होतं, घाबरू नका, करपलेलं वेगळं दिसतं आणि वेगळंच वासाला लागतं.

त्याच तव्यात चमचाभर बटर, दोन मोठे कांदे जाडसर चिरून, ते कडेने लाल झाल्यावर पाचसहा लसूण पाकळ्या आणि दोन चमचे टोमॅटो पेस्ट, पेस्ट विटकरी रंगाची होईपर्यंत परतली. मग २०० मिली रेड वाईन ओतून तव्याला चिकटलेलं सगळं लाकडी कालथ्याने खरवडून काढलं आणि वाईन निम्मी होईपर्यंत आटवली. ही आटवणी तव्यावरच करायची, कारण कुकरचं झाकण लागलं की आत पडलेलं बाहेर जात नाही, कच्च्या वाईनचा तो घशाशी येणारा झणका आठ तासांनंतर पण तसाच राहतो. वाईन नको असेल त्यांनी तेवढाच स्टॉक आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घ्यावं, चांगलंच लागतं. स्टॉक १५० मिली, जास्त नाही. बघताना वाटतं की एवढ्याशा पाण्यात कसं शिजेल, पण मांस आणि भाज्या आपलं पाणी सोडतात आणि ते उडून जायला वाट नसते, आठ तासांनी भांडं उघडलं तेव्हा रस्सा स्टेकच्या वरच्या कडेपर्यंत आलेला होता.

कुकरमध्ये तळाला गाजराचे जाड तुकडे आणि सेलरी, त्यावर स्टेक, वरून तव्यातलं सगळं. भाजी खाली ठेवायची कारण गाजर शिजायला मांसापेक्षा जास्त उष्णता लागते आणि तळाशी, कडेला ती मिळते. दोन तमालपत्रं, थाइमच्या काड्या, आणि सहासात जुनिपरचे दाणे सुरीच्या पात्याने दाबून फोडलेले. जुनिपर मिळालं तर जरूर घाला, पाइनसारखा एक रानवट वास असतो त्याला आणि हरणाच्या उग्रपणाशी तो भांडत नाही, त्याला सोबत करतो. भांडं साधारण दोन तृतीयांश भरलं. झाकण, लो, आणि बस.

झाकण उघडून बघायचा मोह सगळ्यांना होतो, पण एकदा उघडलं की जमलेली वाफ जाते आणि परत तिथे पोचायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. मी यावेळी मुद्दाम एकदा, साडेचार तासांनी उघडलं, कारण मला मधली अवस्था बघायची होती. खांद्याचा एक तुकडा बाहेर काढून काटा लावला. काटा जेमतेम शिरला, शिरला तो निघेना, कडेचा छोटा तुकडा कापून चावला तर रबर. अक्षरशः रबर, सकाळी कच्चा असताना दाबल्यावर जितका लागला त्याच्यापेक्षाही घट्ट. हीच ती वेळ जेव्हा लोक म्हणतात की बिघडलं, जास्त शिजलं, आणि कुकर बंद करतात. जास्त नाही, कमी शिजलेलं असतं. धागे आवळून झालेले असतात आणि कोलॅजन अजून सुटलेलं नसतं, दोन्हीकडून मार, म्हणून मधेच मांस सगळ्यात वातड असतं. तुकडा परत आत टाकला आणि झाकण लावलं.

मांडीच्या स्टेकची गोष्ट उलटी. त्यात कोलॅजन खांद्यापेक्षा बरंच कमी, म्हणून ते मी वेगळे ओळखू यावेत अशा बेताने एका बाजूला रचले होते, आणि सहा तासांनी त्यातले जास्तीत जास्त काढून घेतले, तेव्हा ते मऊ होते, सुरीने कापताना आकार धरून राहत होते, चावताना रस होता. एक तुकडा मुद्दाम शेवटपर्यंत आत ठेवला. तो आठ तासांनी निघाला तो काट्याने सहज सुटत होता, दिसायला एकदम मस्त, पण तोंडात गेल्यावर धागे धागे, कोरडे, घोटाभर रश्शाशिवाय गिळवेना. मऊ आणि रसाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ते एवढ्या स्पष्टपणे मला आधी कधी दिसलं नव्हतं. त्याच भांड्यात, त्याच रश्शात, त्याच आठ तासांनी खांद्याचे तुकडे मात्र असे झाले होते की काटा टेकवून जरा फिरवला की मधल्या त्या पांढऱ्या रेघांच्या जागीच सुटत होते, आणि त्या रेघा आता पांढऱ्या नव्हत्याच, काचेसारख्या पारदर्शक, चिकट, बोटाला बोट चिकटेल अशा. तेच ते जिलेटिन.

म्हणून घड्याळाकडे बघून बंद करू नका. खांद्याला लो वर सात ते नऊ तास, जनावर म्हातारं असेल तर अजून जास्त पण, आणि मांडीला साडेपाच-सहा, पण शेवटी काट्याचंच ऐकायचं. हाय वर करायचं झालं तर साधारण निम्मा वेळ, पण मांडीचे तुकडे हाय वर टाकू नयेत असं मला वाटतं, बरोबर वेळ पकडायला हातात फार थोडी मिनिटं राहतात.

स्टेक बाहेर काढले, झाकून ठेवले, रस्सा गाळून पसरट भांड्यात घेतला आणि मोठ्या आचेवर दहा मिनिटं उकळला. वर जी थोडी चरबी तरंगते ती चमच्याने काढून टाकायची. दाटपणा कमी वाटला तर चमचाभर कॉर्नफ्लॉअर गार पाण्यात कालवून, मला अर्धाच लागला कारण जिलेटिनमुळे रस्सा आपणहून अंगाबरोबर झाला होता. मीठ या वेळेला चाखून, आधी नाही, आटवल्यावर खारटपणा वाढतो. एक लहान चमचा रेडकरंट जेली घातली, आंबटगोड कसलीही बेरीची जेली चालेल, हरणाच्या मांसाला तेवढा गोडवा लागतोच. वेगळ्या तव्यात बटरवर मशरूम लाल परतून शेवटी मिसळले, ते आठ तास आत टाकले असते तर लिबलिबीत झाले असते. क्रीम घालायचं असेल तर तेही शेवटी, गॅस बंद करून, नाहीतर फाटतं.

मांडीचे स्टेक कापायचे ते धाग्यांच्या आडवे. धागे कुठल्या दिशेने गेलेत ते आधी बघा, सरळ दिसतात, त्यांना छेद देऊन बोटभर जाडीचे काप, प्रत्येक कापात धागा आखूड राहिला की दातांना कमी काम. खांद्याला सुरीची गरजच नाही. ताटं गरम करून घ्या, हरणाची उरलीसुरली चरबी गार ताटात लगेच थिजते आणि सगळी मेहनत त्या एका चिकट थराखाली जाते.

उरलेले तुकडे रश्शात बुडवूनच डब्यात भरले, उथळ डब्यात म्हणजे लवकर गार होतात, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी रस्सा जेलीसारखा बसलेला होता. तो कुकरमध्ये परत गरम करू नका, कुकर फार हळू तापतो, गॅसवर झाकण ठेवून मंद आचेवर रस्सा पातळ होऊ द्यायचा, मग वाफा येईपर्यंत तापवायचं. खांद्याचे तुकडे आदल्या रात्रीपेक्षा छान लागले, मांडीचे जेमतेम तेवढेच, म्हणून मांडीचे पहिल्या दिवशी संपवा आणि खांद्याचे ठेवा. फ्रीझरमध्ये टाकायचे असतील तर तेही रश्शासकटच, तुकडा कुठे उघडा राहिला की तेवढा भाग कोरडा पडतो.